मुक्या खेळाडूची बातमी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे छापीत आहोत.)



या व्यासपीठावर आजवर डॉक्टरीणबाई बोलल्या, शिक्षिका बोलल्या, गायिकांनी आपली साधना उलगडून दाखविली. त्यांच्या पंक्तीला घोड्यांच्या खेळांची वार्ताहर म्हणून उभा जन्म काढलेली बाई बसविण्यात चिटणीसबाईंनी थोडे धाडसच केले आहे. त्यांनी मला विषय दिला आहे ‘माझा व्यवसाय’. तेव्हा या व्यवसायात करावयाचे काय असते, तो शिकावयाचा कसा, आणि त्यात मला महत्त्वाचे काय वाटले, एवढेच आज सांगणार आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन करते, कारण ती आपल्यापैकी निम्म्याजणींच्या मनात असणारच. “म्हणजे तुम्ही रेसवर लिहिता का हो?” हा प्रश्न मला हळदीकुंकवाला, आगगाडीत, इतकेच काय, दवाखान्यातसुद्धा विचारला गेला आहे. रेस म्हटले की मराठी घरात कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. पगाराचे पाकीट घरी येण्याआधी मैदानाच्या खिडकीवर रिकामे झाल्याच्या कहाण्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा जुगार नव्हे, असा निर्णय दिला. कायद्याच्या जागी तो निर्णय असेल तसा असो. पण त्याने कोणाच्या घरच्या डब्यात पीठ पडत नाही. म्हणून मी आरंभापासून एक नियम पाळला. कोणता घोडा जिंकेल हे मी कधीही छापले नाही आणि एक रुपयाही कधी लावला नाही. संपादक म्हणत, “बाई, टीप नसेल तर वाचक सदर वाचील कशाला?” मी म्हणे, “वाचील, घोड्याविषयी काही नवीन समजले तर.” काहींनी वाचणे सोडले हे खरे, पण पुष्कळांनी धरूनही ठेवले.

शर्यती हा घोड्यांच्या खेळांचा एक भाग झाला. आपल्याकडे शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात पुण्याला आणि थंडीत मुंबईला असतो. महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालचे. तेथील इंडियन डर्बी ही मानाची शर्यत १९४३ साली सुरू झाली, आणि मौज अशी की पहिल्याच वर्षी ती जिंकली ती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या घोडीने! नरांच्या बरोबरीने धावून तिने तो मान मिळविला. पण माझे मन अधिक रमले ते दुसऱ्या भागात. त्याला अश्वारोहणाचे क्रीडाप्रकार म्हणतात, आणि ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला ड्रेसाज. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असे आखीव मैदान असते. त्यात घोडा ठरवून दिलेल्या चाली चालतो, वळतो, थांबतो. प्रत्येक चालीला परीक्षक शून्य ते दहापर्यंत गुण देतात. यातील खुबी अशी की स्वाराने घोड्याला दिलेली सूचना प्रेक्षकाला दिसता कामा नये. मुरलेल्या गायिकेने समेकडे नुसती नजर टाकावी आणि तबलजीला उमगावे, तसे ते आहे. दुसरा प्रकार अडथळ्यांवरून उड्यांचा. मोठ्या स्पर्धांतून हे अडथळे सव्वापाच फुटांपर्यंत उंच असतात. एक दांडा पडला की चार दोष. घोडा एकदा अडला की आणखी चार, दुसऱ्यांदा अडला की स्पर्धेबाहेर. तिसरा प्रकार या दोहोंना सामावून घेणारा. त्याला इव्हेंटिंग म्हणतात. त्यात ड्रेसाज आहे, उड्या आहेत, आणि मध्ये रानावनातून, पाण्याखड्ड्यांतून भरधाव धावणेही आहे. एकाच घोड्याने नृत्य करावे, डोंगर चढावा आणि शेवटी दमलेल्या अंगाने काटेकोर उड्याही माराव्यात, अशी ती त्रिविध परीक्षा आहे.

आपल्या मंडळात सांगण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ऑलिंपिकमध्ये या खेळांत स्त्रिया आणि पुरुष यांच्या स्पर्धा वेगळ्या नाहीत. दोघे एकाच मैदानात, एकाच पदकासाठी उतरतात. मात्र हा दरवाजा आपोआप उघडला नाही. १९४८ सालापर्यंत ऑलिंपिकमध्ये घोड्यावर बसण्याचा मान फक्त लष्करी अधिकाऱ्यांना होता. त्या वर्षी स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले, पण संघातला एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट आहे असे उघडकीला आल्यावर ते काढून घेण्यात आले. हा नियम पुढे गेला, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ड्रेसाजमध्ये स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला. उड्यांच्या स्पर्धेत तो १९५६ साली मिळाला आणि इव्हेंटिंगमध्ये १९६४ साली.

हेलसिंकीला डेन्मार्कच्या लिस हार्टेल आल्या होत्या. १९४४ साली, पोटात मूल असताना, त्यांना पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांतली शक्ती गेली ती परत आली नाही. घोड्यावर चढताना आणि उतरताना त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. पण एकदा खोगिरावर बसल्या की ‘ज्युबिली’ नावाची त्यांची घोडी त्यांचे पाय होई. अशा स्थितीत त्यांनी लष्करी स्वारांच्या रांगेत दुसरा क्रमांक पटकावून रौप्यपदक मिळविले, आणि चार वर्षांनी पुन्हा तेच यश मिळविले. आपल्या पाठीवरचा स्वार स्त्री की पुरुष, त्याचा हुद्दा काय, त्याच्या पायांत बळ किती, याची चौकशी ज्युबिलीने केली नाही. तिला हातातला लगाम आणि पाठीवरचा तोल कळत होता, तेवढे तिला पुरले. घोड्याच्या या निःपक्षपातीपणाचे मला आजही नवल वाटते. माणसांच्या संस्थांना ते पुष्कळ उशिरा जमते. इंग्लंडमधल्या ग्रँड नॅशनल या अवघड शर्यतीत पहिली स्त्री जॉकी उतरली १९७७ साली, आणि पहिली स्त्री जिंकली २०२१ साली. त्या आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोर.

आता मी या वाटेला कशी लागले ते सांगते. १९८२ साली मी पुण्याच्या एका मराठी दैनिकात नव्यानेच उपसंपादक म्हणून लागले होते. दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. अश्वारोहणाचा समावेश त्या स्पर्धांत प्रथमच झाला होता. रघुबीर सिंग यांनी ‘शाहजादा’ या घोड्यावर इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले, संघालाही सुवर्ण मिळाले, आणि भाल्याने खुंटी उचलण्याच्या खेळात रूपिंदर सिंग ब्रार यांनी तिसरे सुवर्ण आणले. इंग्रजी तारा धडाधड येत होत्या, आणि त्यांतले शब्द मराठीत कसे उतरवावयाचे हे आमच्या क्रीडाविभागात कोणालाच ठाऊक नव्हते. क्रिकेटची परिभाषा सर्वांना तोंडपाठ. घोड्याविषयी मात्र सारे अवाक्. ते काम माझ्या टेबलावर येऊन पडले.

मला मोठे नवल वाटले. ज्या मराठी मुलखाने घोड्यांच्या टापांवर राज्य उभे केले, त्याच्या भाषेत घोड्याला शब्द नसावेत? शोधू लागले तेव्हा ते सारे सापडले. दुडकी चाल आहे, चौखूर उधळणे आहे, पागा आहे, मोतद्दार आहे, नालबंद आहे. खरारा, चंदी, रिकीब, खोगीर, अगाडी-पिछाडी, सारे आहे. फक्त ते बखरींत आणि तबेल्यांत राहिले होते, वर्तमानपत्रात येत नव्हते. तेव्हापासून माझा परिपाठ झाला की, जो शब्द मोतद्दाराला कळतो तो वापरावयाचा, आणि जेथे मराठी शब्दच नाही तेथे परका शब्द सरळ घेऊन एकदा समजावून सांगावयाचा.

पण शब्द मिळाले म्हणजे विद्या आली असे नव्हे. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात पहाटे घोड्यांचा सराव चालतो. एम्प्रेस गार्डनच्या बाजूने धुके उठत असते, आणि त्यातून आधी टापांचा आवाज येतो, मागून घोडा दिसतो. तेथे मी कित्येक हंगाम रेनकोट घालून उभी राहिले. पहिले काही महिने मला सगळे घोडे सारखेच दिसत. पुढे हळूहळू दिसू लागले की एक घोडा कान टवकारून धावतो आहे, दुसरा शेपटीचे फटकारे मारतो आहे, तिसरा तोंडातला लगाम चावतो आहे. कान, शेपूट, तोंड ही घोड्याची बाराखडी आहे. ती मला एका वयस्क मोतद्दाराने, एका नालबंदाने आणि एका पशुवैद्याने शिकविली. कोणत्याही पुस्तकाहून त्यांचे माझ्यावर अधिक उपकार आहेत.

नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, हेही लवकरच शिकावे लागते. शेकडो वर्षे चित्रकारांनी धावता घोडा काढला तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, जणू हवेत पसरलेला. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोडीची क्षणाक्षणाची छायाचित्रे घेतली. तेव्हा दिसले की चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे, पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात, ताणलेले नसतात. इतक्या पिढ्यांनी घोडा रोज पाहिला आणि चुकीचा काढला! वार्ताहराने हे चित्र मनात टांगून ठेवावे. सर्वांना जे दिसते म्हणून सांगतात, ते आधी तपासावे आणि मगच लिहावे.

आता माझ्या व्यवसायातल्या खऱ्या प्रश्नाकडे येते. इतर खेळांचा वार्ताहर सामना संपला की खेळाडूला विचारतो, “आज काय झाले?” खेळाडू सांगतो, तक्रार करतो, प्रसंगी रागावतोही. आमच्या खेळात खेळाडू दोन, आणि बोलता येते एकालाच. स्वार म्हणतो, “घोडा आज मनावर घेत नव्हता.” घोड्याचे म्हणणे काय, ते कोणी विचारावयाचे? जो बोलतो त्याचेच म्हणणे रोज छापले, तर ती अर्धी बातमी झाली.

एक प्रसंग सांगते. १९९०च्या सुमारास एका शहरात उड्यांची मोठी स्पर्धा होती. सकाळी सरावाच्या वेळी एक देखणा तांबूस घोडा दुडक्या चालीने माझ्यासमोरून गेला. त्याची मान दर पावलाला वरखाली होत होती. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना मान वर उचलतो आणि धडधाकट पाय टेकताना खाली सोडतो. ही खूण पशुवैद्याने मला शिकविली होती. मी दोन वेळा, तीन वेळा पाहिले. शंका राहिली नाही. मी संयोजकांना विचारले. उत्तर मिळाले, “थोडा आखडला आहे, दुपारपर्यंत मोकळा होईल.” दुपारी तो घोडा मैदानात आला. त्याने सात अडथळे निर्मळ पार केले. आठव्यावरून उतरला तो तीन पायांवर. प्रेक्षकांतून एकच उसासा निघाला. मग बँड वाजू लागला आणि दुसऱ्या स्वाराला चषक मिळाला.

संध्याकाळी चहाच्या वेळी एक पदाधिकारी गोड शब्दांत म्हणाले, “बाई, चषक कोणी जिंकला ते ठळक येऊ द्या. घोड्याच्या पायाची बातमी वाचण्यात लोकांना काय गोडी?” मी घरी आले आणि चषकाची बातमी नेहमीसारखी लिहिली. तिच्या अखेरीस चार ओळी घातल्या: अमुक घोडा आठव्या अडथळ्यानंतर लंगडा झाला, सकाळच्या सरावात त्याची मान हालत होती, संयोजकांना विचारले असता अमुक उत्तर मिळाले. एकही विशेषण वापरले नाही. कोणाला दोष दिला नाही. संपादकांनी त्या ओळी दोनदा वाचल्या, “डोळ्यांनी पाहिलेत ना?” एवढेच विचारले आणि छापल्या.

पुढल्या वर्षी त्या स्पर्धेचे निमंत्रण मला आले नाही. मी तिकीट काढून कठड्याशी उभी राहिले. तेथे त्याच घोड्याचा मोतद्दार मला शोधीत आला. घोडा जगला होता, पण उड्यांचे काम सुटले होते. तो हलक्या आवाजात म्हणाला, “बाई, तुम्ही लिहिलंत ते मी मालकाला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पाय गरम लागत होता. पण मोतद्दाराचं कोण ऐकतो?” भगिनींनो, त्या दिवशी मला कळले की या खेळात मुके दोन आहेत. एकाला देवाने वाचा दिली नाही. दुसऱ्याला वाचा आहे, पण त्याचे म्हणणे ऐकण्याची प्रथा नाही. पहाटे चारला उठून चंदी देणारा, खरारा करणारा, आजारी घोड्याजवळ रात्र काढणारा हा माणूस पारितोषिकाच्या छायाचित्रात लगाम धरून उभा असतो. मात्र खालच्या ओळीत त्याचे नाव नसते. तेव्हापासून माझ्या बातमीत स्वाराबरोबर घोड्याचे नाव आणि शक्य तेथे मोतद्दाराचेही नाव येऊ लागले. जागा कमी पडली की उपसंपादक ते कापी. मी पुन्हा घाली. शेवटी तो कंटाळला! पुढे त्या मैदानावर सकाळच्या तपासणीला बाहेरचा पशुवैद्य येऊ लागला. माझ्या चार ओळींमुळेच आला असे मी म्हणणार नाही, पण आला हे चांगले झाले.

घोडा आपले दुखणे लपवितो, याला कारण आहे. रानात तो शिकारी प्राण्यांचे भक्ष्य. लंगडा दिसला तो मारला गेला. म्हणून सोसून चालत राहणे हे त्याच्या रक्तातच आहे. (हे ऐकताना आपल्यापैकी कित्येकींना आपल्या आई-आजीची आठवण झाली असेल, तर त्यात मला नवल वाटणार नाही.) पण पाहणाऱ्याला ते दिसू शकते. २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टीच प्रसिद्ध केली. ताठ मागे वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरचा ताण, चावण्याच्या स्नायूंचा ताठरपणा, आवळलेले तोंड, ताणलेल्या नाकपुड्या, अशा सहा खुणा त्यात आहेत. आमचा वयस्क मोतद्दार यांतल्या चार तरी मला फार पूर्वीच सांगून गेला होता.

हा प्रश्न आपल्या देशापुरता नाही. २०२१ साली टोकियोला ऑलिंपिकमध्ये पंचक्रीडेची स्पर्धा होती. तीत स्पर्धकाला अनोळखी घोडा मिळे आणि ओळख करून घ्यावयाला वीस मिनिटे मिळत. जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. तिचा ‘सेंट बॉय’ हा घोडा बिथरला आणि पुढे जाईना. ती रडत होती, घोडा घाबरला होता, आणि तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला. हे साऱ्या जगाने पाहिले. त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढण्यात आले, आणि पुढे २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकनंतर पंचक्रीडेतून घोडेस्वारीच वगळण्यात आली. त्याच २०२४ सालच्या जुलैमध्ये ब्रिटनच्या विख्यात ड्रेसाजपटू शार्लट ड्युजार्डिन यांची एक चित्रफीत बाहेर आली. सरावात घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारल्याचे ते दृश्य होते. त्यांनी पॅरिसच्या स्पर्धेतून माघार घेतली. आपले चुकले हे त्यांनी मान्य केले, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली.

या दोन्ही घटनांवर पुष्कळ लिहिले गेले. कोणी म्हणाले, हे खेळच बंद करा. कोणी म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला. मला दोन्ही पटत नाही. चांगला स्वार आणि चांगला घोडा यांचे सख्य मी इतक्या जवळून पाहिले आहे की, हा खेळ क्रौर्याचाच आहे असे मी म्हणू शकत नाही. पण ते सख्य खरे की दिखाऊ, हे पाहणारा एक डोळा मैदानाबाहेर असलाच पाहिजे. तो डोळा स्वाराचा नसावा, मालकाचा नसावा, पैसे लावणाऱ्याचा तर नसावाच. वार्ताहराची उपयुक्तता तेथे आहे. या दोन्ही प्रसंगी चित्रे जगासमोर आली म्हणूनच न्याय झाला. जेथे कॅमेरा नसतो, तेथे कोणीतरी कठड्याशी उभे असावे लागते.

आपल्या देशाचा हिशेबही थोडक्यात सांगते, कारण तो आनंदाचा आहे. १९८२ नंतर आशियाई स्पर्धांत अश्वारोहणाचे सुवर्ण पाहावयाला एकेचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात २०१८ साली जाकार्ता येथे फवाद मिर्झा यांनी ‘सेन्यर मेडिकॉट’ या घोड्यावर रौप्य मिळविले, आणि त्याच जोडीने टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. मग २०२३च्या सप्टेंबरात हांगझोऊ येथे ड्रेसाजच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. चौघांचा संघ होता: ‘एट्रो’वर अनुष अगरवाला, ‘केमएक्सप्रो एमराल्ड’वर मुंबईचा हृदय छेडा, ‘चिन्स्की’वर इंदूरची सुदीप्ती हाजेला आणि ‘अ‍ॅड्रेनलिन फिरफोड’वर जयपूरची दिव्यकृती सिंग. चारांत दोन मुली! दिव्यकृतीला पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला.

एवढी वर्षे का लागली, असे आपण विचाराल. घोडे पेंड कुठे खाते ते पाहिले पाहिजे. स्वार आपल्याकडे कमी नव्हते. जयपूरचे ६१ वे घोडदळ १९५३ सालापासून आहे, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्र आजही घोड्यावर बसावयाला शिकतात. अडचण होती ती घोडा परदेशी नेण्याची. घोड्यांच्या साथीच्या रोगांमुळे येथून घोडा बाहेर नेणे फार कठीण होते. म्हणून आपल्या स्वारांना युरोपात जाऊन, तेथलेच घोडे घेऊन वर्षानुवर्षे सराव करावा लागला. हा खर्च सामान्य घराच्या आवाक्यातला नाही. २०२५च्या जुलैत मेरठ छावणीतल्या लष्करी पशुवैद्यक केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त घोड्यांचे ठिकाण म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आपले घोडे परदेशी जाण्याची वाट खुली झाली आहे. ही बातमी वर्तमानपत्रांत फार ठळक आली नाही. माझ्या मते ती एखाद्या पदकाइतकीच मोलाची आहे. पदक कोणाला मिळाले याबरोबरच कोणाला स्पर्धेच्या दारापर्यंतही पोचता आले नाही आणि का, हे सांगणे वार्ताहराचेच काम आहे.

आता शेवटी, ज्या मुलींना या वाटेने यावेसे वाटत असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. नुसते घोड्यांवर मराठीत लिहून घर चालत नाही. माझे चालले ते उपसंपादकाच्या पगारावर. म्हणून दुसरे काम हाताशी ठेवा. पैसे लावू नका. ज्याचा पैसा घोड्यावर आहे त्याला घोडा दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो. मालकाकडून भेट घेऊ नका, चहासुद्धा बेतानेच घ्या. स्वाराशी बोला, पण त्याआधी तबेल्यात जाऊन मोतद्दाराशी बोला. आणि फिरा. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, हे जुने कोडे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिन्हींचे उत्तर एकच, न फिरविल्यामुळे! वार्ताहराचेही तसेच आहे. कचेरीत खुर्ची धरून बसलेला वार्ताहर करपतो.

माझ्या लिहिण्याने घोड्यांचे जग बदलले असा माझा दावा नाही. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, हे मी जाणून आहे. परंतु ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूनेही एक ओळ छापून यावी, एवढा हट्ट मी धरला आणि तो बराचसा पुरा झाला. आपल्या मंडळानेही इतक्या वर्षांत दुसरे काय केले? ज्यांचे म्हणणे घरात वा बाहेर कोणी विचारीत नव्हते, अशा स्त्रियांना येथे येऊन चार शब्द बोलण्याची जागा दिली. म्हणून या व्यासपीठावर उभे राहताना मला परके वाटले नाही.